ओट्यावरची जागा

दुपारी मासळीची मंडई धुतात. रबरी नळाचं पाणी ओट्यांवरून उतरतं, खवले आणि बर्फाचा चुरा घेऊन गटाराकडे जातं. मांजरं पाय न भिजवता कठड्यावर चढून बसतात. शेवटची पाटी उलटी ठेवली जाते, कोयते गोणपाटात गुंडाळून बायका घराकडे निघतात आणि एवढ्या गलक्याची जागा तासाभरात रिकामी होते. अशा वेळी तिथून गेलं की ओट्यांवरचे पाट दिसतात. सकाळी ते दिसत नाहीत, कारण त्यांच्यावर कुणीतरी बसलेलं असतं. बुटके, लाकडी, पाण्याने काळे पडलेले, मधोमध झिजून खोलगट झालेले. आमच्या भागातल्या मंडईत प्रत्येक पाट मागच्या गजाला साखळीने बांधलेला असतो आणि साखळीला कुलूप असतं.

हे कुलूप मला फार दिवस कळत नव्हतं. मासळीच्या पाण्यात वर्षानुवर्षं मुरलेला तो पाट कोण उचलून नेणार आणि त्याचं करणार काय? शेवटी ज्यांच्याकडून आमच्या घरात मासळी येते त्या मावशींना विचारलं. त्या बोंबील साफ करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पाट कोन नेतंय गो बाय? पाट सरकवतात. आज चार बोटं, उद्या चार बोटं. महिन्यानं बघशील तर तुझ्या जागेवर दुसरीच बसलेली."

तेव्हापासून मंडईत गेले की मी मासळीच्या आधी जागा पाहते. जेमतेम एक बाई मांडी घालून बसेल आणि पुढे दोन पाट्या मावतील, एवढी रुंदी. एका बाजूला लाकडाचा ओंडका, त्याच्यावर सुरमईच्या तुकड्या पडतात. मांडीखाली पैशांची पिशवी, पाठीमागे पाण्याचा डबा, वरच्या खिळ्याला देवाची तसबीर आणि हल्ली तसबिरीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा. ही जागा मावशींना सासूकडून मिळाली, सासूला तिच्या सासूकडून. घरं मुलाच्या नावावर जातात, होड्या मुलाच्या नावावर जातात. ओटा मात्र सुनेकडे जातो. समुद्रावर जायचं पुरुषाने आणि आलेल्या मासळीचे पैसे करायचे बाईने, ही कोळीवाड्यातली जुनी वाटणी. पैसा बाईच्या हातातून फिरतो म्हणून घरातला तिचा शब्दही वजनदार असतो. आजूबाजूच्या कितीतरी घरांत बाईला स्वतःचं म्हणून काही नव्हतं, तेव्हाही कोळणीकडे दीड हात रुंदीची का होईना, स्वतःची जागा होती.

ओट्यावरची सकाळ खरं तर मध्यरात्रीच सुरू होते. तीन वाजता मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला पोचायचं, कारण उशीर झाला की उरलंसुरलं घ्यावं लागतं. ससून डॉक 1875चं, अल्बर्ट ससून यांनी बांधलेलं. काही वर्षांतच ते पोर्ट ट्रस्टकडे गेलं. आज तिथल्या दगडी कठड्याला बोटी इतक्या दाटीने लागतात की तीनतीन बोटी ओलांडून खलाशी धक्क्यावर येतात. कुणी आठ दिवसांनी परत आलेला असतो, कुणी पंधरा. बोटीतून पाट्या वर फेकल्या जातात, वरचा हात त्या झेलतो, खाली ओततो आणि रिकामी पाटी परत खाली जाते. बर्फ फोडण्याच्या यंत्राचा आवाज सगळ्यावर. हातगाडीवाले "बाजू, बाजू" करत अंगावरच येतात. त्यांनी थांबायचं ठरवलं तरी त्या ओल्या फरशीवर ओझ्याची गाडी थांबत नाही.

लिलाव चालू झाला की ढिगाभोवती कडं होतं. निर्यातीचे व्यापारी मोठी कोलंबी, माकुल, जाडी सुरमई उचलतात. त्यांच्याशी एकटीने बोली लावणं परवडत नाही, म्हणून चारपाच बायका मिळून एक ढीग घेतात आणि बाजूला नेऊन त्याचे वाटे घालतात. वजनकाटा नाही, वही नाही. एकजण हाताने मासळी सारखी करते, मोठं पापलेट इकडे, त्याच्या बदल्यात दोन लहान तिकडे, आणि वाटे घालणारीने आपला वाटा शेवटी उचलायचा. भांडणं होतात, जोरात होतात, पण दुसऱ्या पहाटे त्याच चौघी पुन्हा एकत्र बोली लावतात. व्यवहारातला एवढा विश्वास मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

मग हमाल, बर्फ, टेम्पोतला हिस्सा. पहिली मासळी विकली जाण्याच्या आत हे सगळे पैसे हातातून गेलेले असतात, पुष्कळदा दुसऱ्याकडून व्याजाने घेतलेले. ओट्यावर मासळी मांडली की तासागणिक तिची किंमत उतरत जाते. दहा वाजता अडून बसता येतं. बाराला नाही. आपण गिऱ्हाइकं हे ओळखून असतो. पापलेटाच्या कल्ल्याजवळ अंगठा दाबून पांढरं दूध येतं का बघतो, बांगड्याचे कल्ले उघडून लाल रंग बघतो, बोंबील वाकवून बघतो, आणि भाव ऐकला की दोन पावलं पुढे जातो, ती हाक मारील म्हणून. ती हाक मारतेही. "ए बाय, ये इकडं, काय देशील सांग." त्या हाकेत नुसती विनवणी नसते. ढळत चाललेल्या उन्हाचा हिशेब असतो.

ससून डॉकमध्ये लिलावाच्या गर्दीतून थोडं आत गेलं की आवाज एकदम बदलतो. इथे बायका कोलंबी सोलत असतात. ओळीने उकिडव्या बसलेल्या, पुढे कोलंबीचा ढीग, एका बाजूला टरफलांचा, दुसऱ्या बाजूला सोललेल्या मालाचं भांडं. तेलुगू, कन्नड, हिंदी, मराठी, सगळं एका ओळीत ऐकू येतं. डोकं मोडायचं, टरफल काढायचं, पाठीतला काळा दोरा ओढायचा. हे तीन शब्दांत सांगायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत एक कोलंबी संपलेली असते. कोलंबीच्या डोक्यावर एक दातेरी काटा असतो. तो बोटात गेला की ठणका लागतो, पण बोट चोखत बसायला सवड नसते, कारण मजुरी मापावर आहे. माल बर्फातला. थोड्या वेळाने बोटं पांढरी पडतात, कातडी सुरकुतते, नखांच्या कडा फाटतात. रबरी हातमोजे घालून दोरा पकडता येत नाही, म्हणून बहुतेकजणी ते घालत नाहीत. मी एकीला हात दाखवायला सांगितले तर ती लाजली. तिने ते पदराला पुसले आणि मगच पुढे केले. बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही, ती म्हणाली, दोनतीनदा लावावा लागतो.

हिच्याकडे पाट नाही. ओटा नाही, परवाना नाही, सासूकडून आलेली जागा नाही. ज्या दिवशी जिथे ढीग पडेल तिथे बसायचं. बोट आली तर काम. माल कमी असला तर त्यातून कुणाला घ्यायचं हे ठेकेदार ठरवणार. मंडईतल्या मावशी तिच्याहून वरच्या पायरीवर आहेत असं म्हणावं, तर मावशींचेही गुडघे त्याच फरशीने घेतले आहेत. दोघींच्या पायांखाली पाणी, दोघींच्या पाठीला बाक. दोघीही सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि त्याचं कारण एकच आहे. जवळ नीट शौचालय नसतं, असलं तर जावंसं वाटेल असं नसतं, आणि जागा सोडून गेलं तर तेवढ्यात मासळी किंवा कामाची पाळी जाते. पुरुष खलाशांच्या पायात गमबूट दिसतात, बायकांच्या पायात साध्या चपला. हजारो माणसं ज्या फरशीवर रोज पहाटे काम करतात तिथे बाईला निर्धास्तपणे जाता येईल अशी मोरी नसावी, याचं दुःख मला मासळी घेताना दर वेळी होतं आणि ते व्हायलाच हवं असं वाटतं.

2017 साली ससून डॉकमध्ये कला-उत्सव भरला होता. गोदामांच्या भिंतींवर रंग आले, कोळी माणसांचे मोठमोठे चेहरे आले, एरवी नाकाला रुमाल लावून जाणारी मुंबई रांगा लावून आत आली. मला ते आवडलं होतं. भिंतीवरच्या त्या चेहऱ्यांखाली खरे चेहरे कोलंबी सोलत बसले होते, आणि बघणारे एकदा वर, एकदा खाली बघत होते. खाली बघताना माणसं जरा गप्प होत होती. त्या गप्प होण्यातून काही पुढे गेलं असतं, दोन कोरड्या फळ्या, एखादा नळ, तर फार बरं झालं असतं.

जागा नसण्याचा वेगळा प्रकार कोकणात पाहिला, दापोलीजवळ हर्णैला. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे बोटी नांगरलेल्या, आणि बोटींपासून किनाऱ्यापर्यंत मासळी आणायला बैलगाड्या. बैल छातीएवढ्या पाण्यात शिरतात, गाडी अर्धी बुडते, वर पाट्या चढतात आणि लाट मागे सरली की गाडी ओली वाळू कापत बाहेर येते. जाताना त्याच गाडीतून बोटीवर बर्फ जातो, डिझेल जातं, पिण्याचं पाणी जातं. लिलाव वाळूवरच. इथे कुणाची जागा ठरलेली असायची सोय नाही, भरती आली की सगळा बाजार वर सरकतो, ओहोटीला खाली. वाळूत बसलेल्या बायका पाट्या उचलतात, चार पावलं मागे येऊन पुन्हा बसतात. बोलणंही न तोडता. समुद्र त्यांना हलवतो, पण रोज सगळ्यांना सारखंच हलवतो. शहरातल्या हलवण्यात हा सारखेपणा नसतो.

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. बंदी हवी याबद्दल कोळीवाड्यात दुमत ऐकलेलं नाही, उलट ती नीट पाळली जात नाही हीच तक्रार असते. पण जून हा शाळा उघडण्याचा महिना. मावशींच्या गळ्यातली सोन्याची माळ बघून आमच्या इमारतीतले लोक म्हणतात, कोळणींकडे काय, सोनंच सोनं. ती माळ जूनमध्ये गळ्यात नसते हे कुणाच्या लक्षात येत नाही. ती गहाण पडते, वह्या-पुस्तकं येतात, घरावर ताडपत्री येते, बोटीचं इंजिन दुरुस्त होतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात, बोटी जातात, आणि नंतर कधीतरी माळ पुन्हा गळ्यात येते. एखाद्या वर्षी येत नाही.

त्या दोन महिन्यांत ओट्यावर आधीच सुकवून ठेवलेली मासळी असते. बोंबील, जवळा, करंदी, सोडे. वर्सोवा, मढ, गोराईकडे बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधतात आणि त्यांवर बोंबील वाळत घालतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. ना गाठ, ना खिळा. हे कामही बायकांचंच, आणि अवेळी पाऊस आला तर धावायचंही त्यांनीच. डिसेंबर 2017मध्ये ओखी वादळाच्या वेळी ऐन सुकवणीच्या दिवसांत पाऊस आला, मे 2021मध्ये तौक्ते आलं. अशा वेळी फुटलेल्या बोटीचा निदान पंचनामा तरी होतो. बोटीला नंबर असतो, कागद असतो. दोरीवर कुजलेल्या बोंबलाचा कसला कागद असणार? तो कुणाचा होता हे सांगायला फक्त ती बाई असते.

बाजाराच्या जागेचंही असंच होतं. ऑगस्ट 2021मध्ये दादरच्या सेनापती बापट मार्गावरचा घाऊक मासळी बाजार महापालिकेने हटवला. आजूबाजूच्या रहिवाशांना वासाचा, सांडपाण्याचा, गाड्यांचा त्रास होता, तोही खोटा नव्हता. विक्रेत्यांना ऐरोलीच्या जकात नाक्याची जागा सुचवली गेली. नकाशावर ऐरोली फार दूर दिसत नाही. पण पहाटे धक्क्यावर बोली लावणाऱ्या, आठला ओट्यावर बसणाऱ्या आणि दुपारी घरी जाऊन चूल पेटवणाऱ्या बाईच्या दिवसात ऐरोली बसवायची कुठे? एक बाजार हलवला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या दहा छोट्या बाजारांचे ताणे ढिले होतात. जिच्याकडून उधार मिळायचं ती व्यापारीण दिसेनाशी होते, टेम्पोतली चौथी भागीदारीण गळते, आणि उरलेल्या तिघींना टेम्पो परवडत नाही.

फेरीवाल्यांच्या हक्काचा 2014चा कायदा नैसर्गिक बाजारांना मान देतो, म्हणजे लोकांनी वर्षानुवर्षं जिथे देवघेव केली त्या जागांना. फार शहाणा विचार आहे तो. पण कायद्याच्या वाटेवर बाईला आधी आपण इथे होतो हे सिद्ध करावं लागतं. मावशींनी एकदा मला प्लास्टिकच्या पिशवीतला त्यांचा पुरावा दाखवला: सासूच्या नावाचा परवाना, भाड्याच्या पावत्या, ओल्या हातांनी हाताळून विटलेल्या. काही पावत्यांवरची शाई पार गेली होती. त्या पावत्यांपेक्षा तो खोलगट झालेला पाट मला जास्त पक्का पुरावा वाटला, पण पाट कुणी फायलीला लावून घेत नाही.

मंडईबाहेर हल्ली सायकलवर मासळी विकणारा एक मुलगा येतो. थर्माकोलचा डबा मागे, वजनकाटा पुढे. उत्तरेकडचा आहे. मावशींना तो खपत नाही, आणि त्यांचा राग मी समजू शकते. ओट्याचं भाडं त्यांनी भरायचं आणि गिऱ्हाईक फाटकातच थांबायचं. "आमचा समुद्र, आमचा बाजार, नि यांनी धंदा करायचा," त्या म्हणतात. तोही पहाटे तीनला त्याच धक्क्यावर असतो. पालिकेची गाडी दिसली की तो डबा सावरत गल्लीत पळतो. त्याला तर पाट टेकायलाही जागा नाही, तो दिवसभर उभाच असतो. मला दोघांची बाजू दिसते आणि त्यातून काय करावं ते दिसत नाही. एवढं मात्र दिसतं की भांडण त्या दोघांत लागलंय, आणि मोबाइलवर बोट दाबून घरपोच मासळी मागवणारं गिऱ्हाईक त्या भांडणातून केव्हाच निघून गेलंय. त्या पाकिटातली कोलंबीही कुणीतरी सोललेली असते, फक्त ती बाई आता मंडईच्याही आत नाही, कुठल्या तरी शेडमध्ये आहे, आणि तिला हाक मारायची, भाव विचारायची, तिच्याशी भांडायचीसुद्धा सोय उरलेली नाही.

आमच्या मंडईच्या पुनर्बांधणीचं बोलणं चालू आहे. त्यासाठी ओटेधारकांना अर्ज दिलेत. मावशींचा अर्ज त्यांच्या सुनेने भरायला घेतला. ती बी.कॉम. आहे, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते, आणि मावशींचा गुडघा धरल्यापासून रविवारी ओट्यावर येऊन बसते. कोयता तिला अजून भारी पडतो, पण भाव तिला सासूहून चांगला धरता येतो. अर्जात वारसाचा रकाना आहे. मावशी म्हणाल्या, तिथं नाव नको लिहू. मला आश्चर्य वाटलं. चार बोटांसाठी साखळी लावणारी बाई!

"पोरींना इथं बसायला लागू नये म्हनून तर मी बसले," त्या म्हणाल्या. "माझी पोर नर्स झाली. हिला पन नोकरी हाय. या पान्यात कशाला?"

"मग जागेसाठी एवढं भांडता कशाला आई?" सून म्हणाली.

"जागा सोडायची नसते."

"पण बसणार कोण?"

"ते नंतर बघू."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलू शकले नाही, कारण मला दोन्ही हवं आहे. ही मंडई इथेच राहावी, ओटे राहावेत, बायकांच्या नावावर राहावेत, असं मला मनापासून वाटतं. आणि या मुलीने पुढची तीस वर्षं ओल्या फरशीवर पाय मुडपून, पाणी न पिता बसावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? बसायची जागा कोरडी असती, उंच असती, शेजारी धड मोरी असती, उधारीला व्याज नसतं, तर हा प्रश्न मावशींना असाच पडला असता का, ते मी घोळवत राहिले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक मांदेलीच्या वाट्याजवळ थांबलं. भाव ऐकून त्याने तोंड वाकडं केलं आणि दोन पावलं पुढे गेलं. मावशी हाक मारायला तोंड उघडणार तोच सुनेने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांबा, येतो तो," ती म्हणाली आणि अर्ज मांडीखालच्या पिशवीत सारला.